रविवारचे वाचन, सोमवारची वाट



रविवारी चर्चमध्ये बायबलमधले जे उतारे वाचले जातात, ते धर्मगुरूंनी त्या दिवशी आपल्या आवडीने निवडलेले नसतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, कॅथलिक चर्चने रविवारच्या वाचनांचा तीन वर्षांचा क्रम ठरवून दिला. एक वर्ष मत्तयचे, दुसरे मार्कचे, तिसरे लूकचे. योहानाचे शुभवर्तमान प्रामुख्याने ईस्टरच्या काळात येते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्याही असाच क्रम पाळतात. याचा फायदा असा की, आपल्याला रुचेल तेवढेच ऐकण्याची सोय उरत नाही. नको असलेला उताराही ठरल्या रविवारी समोर येतोच.

१४ जुलै २०१९ हा असाच एक रविवार होता. त्या दिवशीचे वाचन होते लूकच्या दहाव्या अध्यायातले, चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्ताचे. एक शास्त्री येशूला विचारतो, की माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारू एका माणसाला अर्धमेला करून टाकतात. याजक येतो, पाहतो आणि दुसऱ्या कडेने निघून जातो. लेवीही तसेच करतो. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, हलका मानला गेलेला माणूस.

आता एक गोष्ट नीट पाहा. याजक आणि लेवी हे धर्मशास्त्र जाणणारे होते. प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्यालाही देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा तोंडपाठ होती. ज्ञानाची उणीव कोणाकडेच नव्हती. म्हणून येशू शेवटी प्रश्नच उलटा करतो. शेजारी कोण, हे तो विचारत नाही. त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, हे विचारतो.

या वाचनाला तेरा दिवस झाले आणि २७ जुलैच्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. चारी बाजूंना उल्हास नदीचे पाणी. एनडीआरएफ, नौदल, लष्कर, वायुदल, पोलीस सगळे धावून आले आणि दुपारपर्यंत सर्वजण सुखरूप बाहेर पडले. या कामात चामटोलीचे आणि आसपासचे गावकरीही पाण्यात उतरले होते. प्रवाशांना बदलापुरात आणून खाऊपिऊ घातले गेले आणि पुढे कल्याणहून खास गाडीने कोल्हापूरला रवाना केले गेले.

मदतीला आलेल्या किती जणांनी लूकचा दहावा अध्याय ऐकला असेल? बहुतेकांनी नसेलच. तरीही त्यांनी तो पाळला. आपण ख्रिस्ती माणसांनी इथे थोडे थांबायला हवे. दर आठवड्याला शुभवर्तमान ऐकणाऱ्या माणसाला एक धोका असतो. त्याला उत्तरे पाठ होतात. आपण गोष्टीतल्या शोमरोन्याच्या जागी आहोत असे त्याला वाटत राहते आणि प्रत्यक्षात तो दुसऱ्या कडेने चालत असतो.

दुसऱ्याच दिवशी, २८ जुलैच्या रविवारी, वाचन होते मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या मित्राचे. घरात मुले निजलेली, दार लावलेले आणि बाहेरचा माणूस तीन भाकरी मागतो आहे. पण त्या भाकरी त्याला स्वतःसाठी नको असतात. त्याच्या घरी प्रवासातून पाहुणा आलेला असतो. प्रार्थना म्हणजे केवळ आपली मागणी नव्हे, दुसऱ्याच्या भुकेसाठी ठोठावलेले दार, हा अर्थ आदल्या दिवशीच्या पुरानंतर वेगळा सांगावा लागत नाही.

पूर काही रोज येत नाही. आमच्या कात्रपचेच बघा. पहाटेच्या लोकलसाठी लोक अंधारात निघतात आणि रात्री दमून परततात. नव्या इमारतीत समोरच्या दारावरची पाटी वाचलेली असते, माणूस माहीत नसतो. कोणा म्हाताऱ्या आजींची मुले परगावी असतात आणि लिफ्ट बंद पडली की त्यांचे औषधही खालीच राहते. नोकरी सोडून सेवा करा, असे बायबल इथे सांगत नाही. शोमरोन्यालाही आपले काम होते. त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, तिथल्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि तो पुढे निघाला. पण परत येऊन उरलेला खर्च देण्याचे त्याने कबूल केले. थोडे करावे, पण विचारपूस अर्ध्यावर सोडू नये.

पंडिता रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले हे काम १९२२ साली, त्यांच्या मृत्यूच्या सुमारास पुरे झाले. त्याच बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना आणून आसरा दिला होता. केडगावच्या मुक्ती मिशनच्या एकाच आवारात छापखाना होता आणि स्वयंपाकघरही होते. वचन आणि भाकरी यांत त्यांनी अंतर ठेवले नाही.

तेव्हा येत्या रविवारी एवढेच करून पाहा. वाचन ऐकताना त्यातले एक क्रियापद मनात धरा. थांबला, उचलले, दिले, क्षमा केली, काय असेल ते. शनिवारी रात्री स्वतःला विचारा, हे क्रियापद या आठवड्यात कोणाच्या दारापर्यंत पोहोचले? उत्तर देता आले नाही, तर खचू नका. रविवार पुन्हा येतो. शोमरोन्याची गोष्ट २०२२ साली आली, २०२५ साली आली आणि २०२८ च्या जुलैत पुन्हा येईल. तोपर्यंत समोरच्या दारावर एकदा तरी थाप मारून ठेवू या.