थोड्या वेळाची शाळा

सतराव्या शतकांतील फ्रान्समध्यें, एखाद्या शहराच्या अरुंद गल्लींत भरणारी गरिबांच्या मुलांची शाळा डोळ्यांपुढें आणावी. खोली एक, मास्तर एक, आणि मुलें भिंतीपर्यंत दाटलेलीं. एकाच्या हातांत प्रार्थनेचें पुस्तक, दुसऱ्याच्या हातांत आजोबांच्या वेळचीं चार फाटकीं पानें, तिसऱ्याचे हात रिकामेच. मास्तर एकेका मुलाला आपल्या मेजाजवळ बोलावितो, त्याच्याकडून दोन ओळी म्हणवून घेतो आणि त्याला जागेवर पाठवून पुढच्याला हांक मारतो. गणित अगदीं सोपें आहे. तीन तासांत साठ मुलांचा धडा घ्यावयाचा, तर एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटें येतात. उरलेला सारा वेळ त्या मुलानें कसा घालवावयाचा? तो तो शेजाऱ्याचे केस ओढण्यांत घालवितो, आणि मास्तर आपला वेळ छडी उगारण्यांत घालवितो. ज्यानें कधीं लहान मुलांचा वर्ग संभाळला आहे त्याला हें चित्र परकें वाटणार नाहीं.

या तीन मिनिटांचा प्रश्न ज्या माणसानें सोडविला, त्याचा जन्म मास्तरकीसाठीं झाला होता असें कोणीहि म्हटलें नसतें. झाँ-बाप्तिस्त द ला साल हे रीम्स शहरांतील एका सधन घराण्यांत ३० एप्रिल १६५१ रोजीं जन्मले. सोळाव्या वर्षींच त्यांना तेथील मुख्य चर्चमध्यें कॅननची जागा मिळाली. ही जागा म्हणजे मानाचें आणि चांगल्या उत्पन्नाचें वतनच. आईबाप लवकर वारले, धाकट्या भावंडांचा भार अंगावर पडला, आणि १६७८ सालीं ते धर्मगुरु झाले. पुढच्याच वर्षीं अद्रियाँ नियेल नांवाचे एक खटपटी गृहस्थ गरीब मुलांसाठीं शाळा काढावयाच्या म्हणून रीम्सला आले. त्यांना ला साल यांनीं थोडा हातभार लावला. हातभार लावणें आणि काम गळ्यांत पडणें यांत अंतर किती थोडें असतें, याचें हें चांगलें उदाहरण आहे. नियेल शाळा काढण्यांत तरबेज, पण चालविण्यांत मन रमत नसे. एक शाळा उभी राहिली कीं ते दुसऱ्या गांवाच्या वाटेला लागत. मागें उरत ते अर्धशिक्षित, अर्धपोटी मास्तर.

ला साल यांनीं त्या मास्तरांना प्रथम जेवावयास बोलाविलें, आणि १६८१ सालीं आपल्याच घरीं राहावयास आणलें. नातेवाईकांना तें सोसलें नाहीं. त्या काळीं असल्या मास्तराची योग्यता घरांतल्या गड्याहून फार वर नव्हती, आणि असली माणसें कॅननच्या पंक्तीला बसलेलीं पाहून घराण्याची अब्रू गेली असें आप्तांना वाटलें. त्यांनीं धाकट्या भावांना तेथून हलविलें. ला साल यांना याहून कठीण बोल मास्तरांकडून ऐकावा लागला. उद्यांची काळजी करूं नका, देवावर भरंवसा ठेवा, असें ते मास्तरांना सांगूं लागले, तेव्हां मास्तरांनीं रोखठोक उत्तर दिलें कीं, आपल्याला तसें बोलणें सोपें आहे. आपल्यामागें वतन आहे, इस्टेट आहे. शाळा बुडाली तर आपलें कांहींच बिघडणार नाहीं, आम्हांला मात्र भीक मागावी लागेल. या उत्तराला प्रत्युत्तर शब्दांनीं देतां येण्यासारखें नव्हतें. १६८३ सालीं ला साल यांनीं कॅननची जागा सोडली, आणि ती भावाला न देतां एका गरीब धर्मगुरूला दिली. पाठोपाठच्या हिवाळ्यांत दुष्काळ पडला, त्यांत त्यांची इस्टेट भाकरीच्या रूपानें रीम्सच्या भुकेल्यांत वांटली गेली. आतां मास्तर आणि ते एकाच ताटाचे झाले.

त्यांच्या वर्गाची कीर्ति पुढें पॅरिसला पोंचली आणि १६८८ सालीं साँ-सुल्पिस या भागांतील शाळा त्यांच्या मंडळाकडे आली. ‘ख्रिस्ती शाळांचे बंधु’ या नांवानें ओळखलें जाणारें हें मंडळ वर्गांत काय करी, तें पाहण्यासाठीं एक उत्तम साधन उपलब्ध आहे. ला साल यांनीं आपल्या अनुभवी सहकाऱ्यांशीं विचारविनिमय करून शाळा कशी चालवावी याचें एक पुस्तक तयार केलें. त्याची १७०६ सालची हस्तलिखित प्रत उपलब्ध असून तें छापलें गेलें १७२० सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षानें. शिक्षणशास्त्रावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. पण खोलीची खिडकी, बांक, टांक आणि पोरांचा नाश्ता यांविषयीं इतक्या बारकाईनें बोलणारें पुस्तक विरळा.

या पुस्तकांतील प्रत्येक रीत एका हिशेबावर बसविली आहे: गरिबाच्या मुलाजवळ वेळ थोडा असतो. त्याचे हात कामाला उपयोगी पडूं लागले कीं बाप त्याला शाळेंतून काढणार. तेव्हां हातीं असलेल्या वर्षादोन वर्षांत एक घटकाहि वायां जातां कामा नये.

म्हणून पहिली गोष्ट अशी केली कीं, एका इयत्तेच्या सर्व मुलांच्या हातीं एकच पुस्तक दिलें. एक मुलगा मोठ्यानें वाचतो, बाकीचे त्याच ओळीवर नजर ठेवून मनांत वाचतात, आणि मास्तर कोणालाहि एकाएकीं पुढचें वाचावयास सांगतो. तीन मिनिटांचा धडा एका फटक्यांत साऱ्या वर्गाचा धडा झाला. अगदीं नवशिक्यांसाठीं भिंतीवर अक्षरांचा एक मोठा तक्ता आणि जोडाक्षरांसारख्या अवयवांचा दुसरा तक्ता टांगलेला असे. ही कल्पना एकट्या ला साल यांचीच होती असें मानण्याचें कारण नाहीं. लिआँ शहरांत शार्ल देमिया यांनीं त्यांच्याआधींच गरिबांच्या शाळांना शिस्त लावली होती. परंतु कल्पना सुचणें निराळें, आणि दर सकाळीं, दर वर्गांत, मास्तर बदलला तरी ती चालेल अशी घडी बसविणें निराळें.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि खरें रणकंदन येथेंच आहे. त्या काळीं मुलाचें वाचन लॅटिनपासून सुरू होई. याला एक कारण होतें आणि तें अगदींच पोकळ नव्हतें. लॅटिनमध्यें जसें लिहिलेलें तसें उच्चारावयाचें असतें, फ्रेंचमध्यें अर्धीं अक्षरें मुकीं बसतात. तेव्हां अक्षरओळखीला लॅटिन सोपें, असें पंडित म्हणत. शिवाय प्रार्थना लॅटिनमध्यें, विद्याहि लॅटिनमध्यें. शार्त्रचे बिशप ला साल यांचे स्नेही, पण तेहि लॅटिनच्याच बाजूचे. त्यांना ला साल यांनीं एक निवेदन लिहून दिलें. त्यांतील म्हणणें थोडक्यांत असें: जी भाषा मूल बोलतें आणि समजतें ती वाचावयास त्याला कमी वेळ लागतो, ज्याला फ्रेंच वाचतां येतें त्याला लॅटिन वाचणें पुढें सोपें जातें, पण उलट होत नाहीं, गरिबाच्या मुलाला धंद्यांत लॅटिनचा उपयोग जवळजवळ नाहीं, आणि मुख्य म्हणजे तें शाळा लवकर सोडतें. लॅटिनपासून आरंभ केलेलें मूल जेव्हां शाळा सोडतें, तेव्हां त्याला लॅटिन कळत नसतें आणि फ्रेंच वाचतां येत नसतें. दोन वर्षें गेलीं तीं गेलींच.

या निवेदनांत मातृभाषेच्या गौरवाचें एकहि वाक्य नाहीं. एका धर्मगुरूनें, धर्माच्या भाषेला, मुलाच्या वेळाचा हिशेब दाखवून मागच्या बांकावर बसविलें. लॅटिन काढून टाकलें नाहीं; फ्रेंच नीट वाचतां आल्यावर शेवटीं स्तोत्रांचें पुस्तक हातीं येई. मंडळाचा नियम तर याहून कडक होता. बंधूंनीं लॅटिन शिकवावयाचें नाहीं, आणि ज्यांना तें येत असेल त्यांनीं तें येत नसल्यासारखेंच वागावयाचें. ज्या मास्तराला लॅटिनचा लळा लागेल तो उद्यां धर्मगुरु होण्याची वाट धरील आणि बिगारीचा वर्ग ओस पडेल, ही भीति त्यामागें होती. ती खोटी म्हणतां येणार नाहीं. लहान मुलांचा वर्ग ही वरच्या जागेची पायरी समजणारे शिक्षक सर्व देशांत असतात.

योगायोग असा, कीं त्याच शतकाच्या आरंभीं गोमांतकांत फादर स्टीफन्स यांनीं आपलें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत रचलें व तें १६१६ सालीं छापलें गेलें. त्यांचें प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तक त्यांच्या मागें १६२२ सालीं कोंकणींत निघालें. दूरदेशीं गेलेल्या पाद्र्यांना ऐकणाराच्या भाषेंत बोलल्यावांचून गत्यंतर नव्हतें. घरच्या पोराशीं घरच्या भाषेंत बोलावें, हें मात्र फ्रान्समध्यें निवेदन लिहून सिद्ध करावें लागलें.

वर्ग कॅथॉलिक असल्यामुळें प्रार्थना आणि धर्मशिक्षण यांनीं दिवस गुंफलेला असे. परंतु तेथेंहि मास्तरानें प्रवचन करावयाचें नाहीं, प्रश्नच विचारावयाचे, असा दंडक होता. एकच प्रश्न अनेक मुलांना विचारावा; एकाला न आल्यास दुसऱ्याकडून उत्तर घेऊन तें पहिल्याकडून पुन्हां म्हणवून घ्यावें. मास्तरानें एरवींहि फार बोलूं नये. त्याच्या हातीं मुठींत मावेल असें, खट् असा आवाज करणारें एक साधन दिलेलें असे. एक ठोका पडला कीं वाचणारा थांबे. खुणेवरून त्याला आपली चूक शोधावी लागे. हें मौन आजच्या पाहणाराला जरा अति वाटेल, आणि तें अति होतेंच. सहासात वर्षांच्या मुलांचा वर्ग मठाइतका शांत असावा ही अपेक्षा मठांत राहणारालाच सुचणार. तथापि दिवसभर ओरडून घसा बसलेल्या मास्तरापेक्षां एका ठोक्यावर काम भागविणारा मास्तर मुलांनाहि अधिक सोसवत असला पाहिजे.

मुलांनीं बसावें कसें याचाही विचार आहे. चंचल मुलगा दोन गंभीर मुलांच्या मध्यें बसवावा. ज्याच्या डोक्यांत उवा असतील त्याला स्वच्छ मुलांपासून दूर बसवावें. सकाळचा नाश्ता मुलांनीं बरोबर आणून वर्गांतच, मास्तरांच्या देखत खावयाचा. एका बाजूला लहानशी टोपली ठेवलेली असे. ज्याची भाकरी उरेल त्यानें, मनाला येईल तर, ती टोपलींत टाकावी, आणि मास्तरांनीं ज्यांनीं कांहीं आणलें नसेल त्यांना ती द्यावी. उपाशी पोटीं अक्षर डोक्यांत शिरत नाहीं, हें ज्यांनीं आपली इस्टेट भाकरींत घातली त्यांना निराळें सांगावयास नको होतें.

गैरहजेरीवर तर या पुस्तकांत एक प्रकरणच आहे. मुलांपैकींच कांहींना ‘भेट देणारे’ नेमीत. प्रत्येकाकडे कांहीं गल्ल्या असत. जो मुलगा आला नाहीं त्याच्या घरीं जाऊन कारण विचारावयाचें, आजारी असेल तर त्याची विचारपूस करावयाची, आणि मास्तरांना खरें सांगावयाचें. मूल कां येत नाहीं याचीं कारणेंहि मोकळेपणानें मांडलीं आहेत: मूल उडाणटप्पू असतें, आईबाप बेफिकीर असतात, कारण त्यांना स्वतःला शिक्षण नाहीं, घरीं दारिद्र्य असतें, आणि कधीं कधीं मुलाला मास्तरच आवडत नाहीं, कारण मास्तराला त्याला आपलेंसें करतां आलेलें नसतें. शेवटचें कारण छापील पुस्तकांत घालावयास धैर्य लागतें.

छडीच्या बाबतींत मात्र ला साल आपल्या काळाचेच होते. छडी व हातावर मारावयाची पट्टी त्यांनीं काढून टाकली नाही. पण तिच्याभोंवतीं अटींचें असें कुंपण घातलें कीं, ती हातीं घेईपर्यंत मास्तराचा राग ओसरावा. शिक्षा न्याय्य हवी, बेताची हवी, शांत मनानें दिलेली हवी, आणि मुलालाहि ती पटलेली हवी. थप्पड मारणें, लाथ मारणें, कान, नाक किंवा केस ओढणें हें साफ बंद.

फुकट आणि चांगली शाळा निघाली कीं पैसे घेऊन शिकविणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो. पॅरिसमधील लेखन शिकविणाऱ्या मास्तरांचा संघ होता व लेखन शिकविण्याचा हक्क आपलाच, असें त्यांचें म्हणणें होतें. या मोफत शाळांत केवळ गरिबांचींच नव्हे तर ऐपत असलेल्यांचींहि मुलें बसतात, अशी त्यांची तक्रार होती आणि ती अगदीं निराधार नव्हती. वर्षानुवर्षें फिर्यादी चालल्या. १७०४ सालीं तर शाळेंतील सामान जप्त होऊन गेलें. ला साल यांनीं पुन्हां बांक करविले. ७ एप्रिल १७१९ रोजीं, शुभ शुक्रवारीं, ते रुआँ येथें वारले. १९०० सालीं त्यांना संतपद मिळालें आणि १९५० सालीं पोपनीं त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.

पुस्तकांत वर्षअखेरीस भरावयाच्या एका यादीचा नमुना आहे. वर्ग दुसऱ्या मास्तराच्या हातीं जाण्यापूर्वीं जुन्या मास्तरानें एकेका मुलाचे गुणदोष लिहून ठेवावयाचे. नमुन्यांतील एक मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. तो उच्छृंखल आहे, उशिरां येतो, वाटेंत सोबती भेटला तर कधीं येतच नाहीं. पण शिकतो चटकन. घरीं लाडावलेला आहे व त्याला शिक्षा केलेली आईबापांना खपत नाहीं. शिवाय शिक्षेचा त्याच्यावर उपयोगहि होत नाहीं. त्याला गोडीगुलाबीनें घ्यावें, उत्तेजन द्यावें, असें जुना मास्तर लिहितो. सुटीनंतर नवा मास्तर हा कागद वाचूनच वर्गाचें दार उघडीत असे.