रस्ता कोणाचा, ते आधी विचारा

बाळंतपणाला निघालेली लेक जीपमध्ये खड्ड्यांचे हादरे खात जाते, आणि आपण सगळ्या सरपंचांना बोल लावतो. पण तो रस्ता ग्रामपंचायतीचा असतोच असं नाही. म्हणून आम्ही गटात आधी विचारतो, रस्ता कोणाचा?

गावातली गल्ली ग्रामपंचायतीची. गावं जोडणारा रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 वर फोन करायचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता झाल्यावर 5 वर्षं देखभाल ठेकेदारानेच करायची असते. कडेचा फलक वाचा.

तक्रार तोंडी नको. खड्डा कोणत्या मोरीजवळ, किती लांब, किती खोल ते अर्जात लिहा. फोटो जोडा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. काहीच हाललं नाही, तर 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा, आमच्या अर्जाचं काय झालं? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

नळाची पाइप रस्त्याखालून न्यायची, तर ज्याचा रस्ता त्याची लेखी परवानगी आधी घ्या. चर थराथराने दाबून बुजवून घ्या. नाहीतर पहिल्या पावसात तिथेच नवा खड्डा पडतो.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते. आम्ही हा विषय तिथेच मांडतो आणि ठराव लिहून घेतो. तुम्हीही मांडा.