गेलेला गुण



१४ जुलै २०१९. विम्बल्डनचा अंतिम सामना, पाचवा सेट. रॉजर फेडरर ८-७ ने पुढे होता, सर्व्हिसही त्याचीच होती. एक गुण मिळाला की अजिंक्यपद, अशा दोन संधी त्याला लागोपाठ आल्या. जोकोविचने दोन्ही हिरावून घेतल्या आणि ४ तास ५७ मिनिटांच्या झुंजीनंतर तोच विजेता ठरला. एकूण गुणांचा हिशेब पाहता फेडररचे २१८, जोकोविचचे २०४! परंतु तिन्ही टायब्रेक जोकोविचचे होते.

फेडररच्या निष्ठावंत चाहत्याच्या मनात हे शल्य दीर्घकाळ राहिले. त्यावरचे औषध अखेर फेडररकडूनच मिळाले. २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमाउथच्या पदवीदान समारंभात त्याने सांगितले, की कारकिर्दीतील १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले. गुण मात्र ५४ टक्केच. एवढा थोर खेळाडूही जवळजवळ निम्मे गुण गमावतो! गमावलेल्या गुणाचे दुःख जो उराशी धरतो, तो पुढचाही गमावतो.

संसारात आणि व्यवहारात हेच खरे. झालेली हानी मान्य करावी, तिच्यापासून शिकावे आणि तिला तेथेच सोडावे. गेलेला गुण परत येत नाही. पुढचा गुण मात्र नेहमी शून्यापासूनच खेळावयाचा असतो.