माहेरची चव

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, माझा हात पोळपाटावर चालतो, व्यासपीठावर नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग पोळपाटाबद्दलच बोला." तेव्हा आता माझे बोलणे गोड मानून घेणे तुम्हांला भाग आहे.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाने 'माझा आवडता पदार्थ' या विषयावर पाककलेची स्पर्धा घेतली होती. परीक्षक म्हणून मला बोलावले होते. टेबलावर सतरा ताटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक ताटलीपुढे एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, साहित्य, कृती आणि शेवटी तो आवडण्याचे कारण लिहायचे होते. एकीने लिहिले होते, 'धाकट्या मुलाला फार आवडतो.' दुसरीने, 'आमच्याकडे ह्यांना याच्याशिवाय चालत नाही.' तिसरीकडे सासऱ्यांना दात नाहीत म्हणून तो पदार्थ होत होता, तर चौथीचा नातू परगावाहून आला की पहिल्यांदा तोच मागत होता. पदार्थ सारे उत्तम होते. नंबर काढताना आम्हां परीक्षकांची तारांबळ उडाली. पण सतराही चिठ्ठ्या वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. विषय 'माझा आवडता पदार्थ' असा असताना 'हा मला आवडतो' असे एकीनेही लिहिले नव्हते!

बक्षिसे वाटली, टाळ्या झाल्या, चहा झाला. मी मात्र घरी जाताना माझ्या आईचा विचार करीत होते. तिला काय आवडते, हे तिच्या हयातीत मला कधी कळले नाही. कळले ते फार उशिरा. तीच हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे.

माझ्या आईचे माहेर चिपळूणजवळच्या एका खेड्यात आणि सासर कऱ्हाडला. मध्ये कुंभार्ली घाट. आज हे अंतर गाडीने अडीच-तीन तासांत कापता येते. आई १९४० साली लग्न होऊन घाट चढून वर आली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. माहेरी जाणे व्हायचे ते वर्षा-दोन वर्षांनी, तेही कोणी न्यायला आले तर.

घाट चढला की माणसाची भाषा थोडी बदलते, पण स्वयंपाकघर पार बदलून जाते. खाली रोज भात, तर वर भाकरी. खाली ओला नारळ, वर शेंगदाण्याचे कूट. खाली आमसूल, वर चिंच. खालची आमटी डोळ्याला फिकी दिसणारी, तर वरच्या आमटीत सुके खोबरे आणि तीळ भाजून केलेला काळा मसाला. आईला तांदळाची उकड काढून भाकरी करण्याचा सराव होता. ज्वारीची भाकरी थापायला बसली की तिला कडेने चिरा पडत आणि परातीतून उचलताना ती तुटे. आजीने तिला जवळ बसवून सारे शिकवले. आजी काही जाचक बाई नव्हती. पण घरची चव ती घरची चव. तिच्यात फरक झालेला तिला खपत नसे.

आई हुशार होती. वर्षभरात भाकरी टम्म फुगू लागली. चार-पाच वर्षांत काळा मसाला करावा तर तिनेच, असे शेजारणी म्हणू लागल्या. "तू कोकणातली आहेस असं वाटतसुद्धा नाही हो!" असे कोणी म्हटले की आई हसत असे. ती शाबासकी आहे असे तिला वाटे, आणि लहानपणी मलाही तसेच वाटे.

दरवर्षी दिवाळीनंतर मामा येत. त्यांच्या पिशवीत आंबापोळी, फणसपोळी, आमसुले आणि एका फडक्यात बांधलेली कुळथाची पुरचुंडी असे. आंबापोळी आणि फणसपोळी आम्ही भावंडे दोन दिवसांत फस्त करीत असू. आमसुले पित्तावरचे औषध म्हणून डबीत जात. पुरचुंडी सोडली की आजी म्हणे, "हे काय, हुलगेच की! आपल्याकडे काय कमी आहेत?"

तिचे खरेच होते. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात त्यालाच घाटावर हुलगा म्हणतात. मोठे गुणी कडधान्य. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. फार पाऊस लागत नाही, हलक्या जमिनीतही येते. आमच्याकडे हुलगे भरडून, शिजवून बैलांना घालत. माणसे खात नसत असे नव्हे. पावसाची झड लागली की आजी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करी आणि लसणाच्या झणझणीत रश्शात ती उकळत असताना घरभर वास दरवळे. तर मामांची ती पुरचुंडी हुलग्याच्या डब्यात रिकामी होई. आई काही बोलत नसे. फडके तेवढे झटकून, घडी करून ठेवून देई.

मैत्रिणींनो, पदार्थाची आठवण ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला फार मोठा भाग खरे म्हणजे वासाचा असतो, आणि मेंदूत वासाचा रस्ता भावना आणि आठवणी यांच्या केंद्रांना अगदी लागून जातो, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून फोडणीच्या एका वासासरशी पन्नास वर्षांपूर्वीचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभे राहते. ही आठवण पदार्थ उंची की साधा हे पाहत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिच्या भाकरीला ना गोडी ना मऊपणा. तरीही त्या दिवसांतून गेलेल्या बायका एकत्र बसल्या की मिलोच्या गोष्टी निघतातच. भाकरी कोणी थापली, अर्धी कोणी कोणाला दिली, हे त्या सांगतात. जिभेला जे नकोसे होते तेही मनाने जपून ठेवलेले असते.

पण आईच्या मनाने काय जपून ठेवले होते, ते मी कधी विचारले नाही. वडिलांना भरली वांगी, थोरल्या भावाला पुरणपोळी, मला थालीपीठ, आजोबांना ताकातला चाकवत. सगळ्यांचे तिला पाठ होते. पंक्तीत ती शेवटी बसे आणि जे उरले असेल ते वाढून घेई. "आई, तुला काय आवडतं?" असे आमच्यापैकी कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

१९९४ च्या पावसाळ्यात आई आजारी पडली. तेव्हा ती माझ्याकडे पुण्यास होती. अन्न जाईना. मी रोज काहीतरी निराळे करून पाही आणि दोन घास खाऊन ती ताट बाजूला सारी. एके दिवशी बाहेर पाऊस पडत असताना ती आपण होऊन म्हणाली, "जरा कुळथाची पिठी करशील का गं? आणि मऊ भात."

इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेला हा पहिला पदार्थ. मी आनंदाने उठले. घरात हुलग्याचे पीठ होते. पिठले करण्यात माझा हात धरणारी कोणी नाही, असा मला गर्वही होता. खमंग फोडणी केली, काळा मसाला घातला, चिंचेचा कोळ आणि दाण्याचे कूट घातले, घट्टसर पिठले करून मऊ भातावर वाढले. आईने दोन घास खाल्ले. म्हणाली, "छान झालंय." मग थोड्या वेळाने, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "जरा पातळ असते." मी म्हटले, "बरं, उद्या पातळ करते." दुसऱ्या दिवशी मी त्यातच पाणी वाढवले. तिने तेही गोड मानून घेतले. त्यानंतर महिन्याभरात ती गेली.

पुढच्या वर्षी मी चिपळूणला मावशीकडे गेले. पावसाळ्याचेच दिवस होते. मावशीने मऊ भात वाढला, वर तूप घातले आणि शेजारच्या वाटीत ताकाच्या कढीइतके पातळ, तपकिरी रंगाचे काहीतरी वाढले. वर ओले खोबरे आणि कोथिंबीर. लसणाचा वास येत होता आणि जिभेवर आमसुलाचा हलकासा आंबटपणा होता. मी विचारले, "मावशी, हे काय?"

"अगं, कुळथाची पिठी. तुझ्या आईचा जीव की प्राण! लग्नाच्या आदल्या रात्री घरात लाडूंचे डबे भरलेले, आणि ही आपली म्हणते, मला पिठी-भातच दे."

माझा घास हातात राहिला. मी आईला जे करून घातले होते ते पिठले आजीचे होते. ते मला कोणी शिकवले? आईनेच! चोपन्न वर्षे तिने ते घराला करून घातले, मुलीच्या हाताला त्याचे वळण लावले, आणि शेवटी जेव्हा तिने स्वतःची चव मागितली तेव्हा तिच्याच हातचे शिकलेले, पण तिला परके असलेले पिठले तिच्या पानात पडले. हुलग्याचा डबा जन्मभर घरात होता. आमसुलेही होती. उणीव होती ती कोणी तिला विचारण्याची.

मावशीने मला त्या दिवशी पिठी शिकवली. तुम्हीही लिहून घ्या. कुळीथ मंद आचेवर भाजायचे, भरडून टरफले पाखडून काढायची आणि मग डाळीचे पीठ दळायचे. टरफलासकट दळले तर पिठी काळपट आणि कडसर होते. तेलात मोहरी, हिंग, हळद घालून फोडणी करायची; तिच्यात लसणाच्या पाच-सहा ठेचलेल्या पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या टाकायच्या. मग चार वाट्या पाणी, तीन-चार आमसुले आणि मीठ. चार मोठे चमचे पीठ थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचे, पाण्याला आधण आले की ओतायचे आणि ढवळत राहायचे. पाच-सात मिनिटे चांगली उकळू द्यायची. निवल्यावर ती दाटते, म्हणून चुलीवर असताना पातळच दिसली पाहिजे. वरून ओले खोबरे. बस्स, इतकेच! आईच्या उशाशी बसून मी पाच मिनिटे विचारले असते तरी एवढे तिने सांगितले असते.

मी आजीला दोष देत नाही. आजीही कोणाची तरी मुलगी होती. तिचे माहेर पंढरपूरकडचे. आमच्या घरात येताना तिनेही काही चव मागे सोडली असणारच. ती कोणती, हे सांगणारे आज कोणी उरलेले नाही. आपल्याकडे मुलगी सासरी जाते, सासरची चव शिकते आणि तीच आपल्या लेकीला देते. माहेरची चव अशी एकेका पिढीत विरून जाते. नवऱ्याच्या घराण्याचा गोडा मसाला चार पिढ्या टिकतो आणि बाईच्या आईची पिठी एका पिढीत संपते, हे काही बरोबर नाही.

तुम्ही म्हणाल, आता पुस्तके आहेत की! आहेत, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून किती नवशिक्या मुलींना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाकाला लावले! पण पुस्तकात पिठी मिळेल, माझ्या आईची पिठी मिळणार नाही. ती ज्या त्या घरानेच लिहून ठेवली पाहिजे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण एक वही घालू. प्रत्येकीने तिच्यात आपल्या माहेरचा एकच पदार्थ लिहायचा. कोणाच्या हातचा, कोणत्या गावचा आणि नेमका कसा, हे सारे लिहायचे. ज्यांच्या आई, मावशी, आत्या हयात आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावे. त्या 'अंदाजाने' म्हणतील. त्यांची मूठ वाटीत रिकामी करून मोजून घ्या! आणि पदार्थ विचाराल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा, "तुम्हांला स्वतःला काय आवडतं?"

हा प्रश्न सोपा नाही बरे का. आमची सूनबाई अमरावतीची. मावशीची ही हकीकत तिला सांगितली तेव्हा तिने मलाच विचारले, "मग आई, तुम्हांला काय आवडतं?" मला उत्तर द्यायला बराच वेळ लागला. मुलाची, नातवंडांची नावे तोंडावर येत होती. शेवटी आठवले, आणि थालीपिठावर लोण्याचा गोळा घालून तिने मला गरम गरम वाढले. त्या दिवसापासून आमच्याकडे शनिवार हा माहेरचा वार ठरला आहे. एका शनिवारी तिच्या माहेरचा गोळाभात, वर हिंगमोहरीचे चुरचुरते तेल घालून; दुसऱ्या शनिवारी माझ्या आईची पिठी. पहिल्यांदा चिरंजीवांनी नाक मुरडले. आता बुधवारपासूनच विचारतात, या शनिवारी कोणाचे माहेर?

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा होईल. परीक्षक कोणीही असो. चिठ्ठीवर 'हा पदार्थ मला आवडतो' असे जी लिहील तिला माझ्यातर्फे एक खास बक्षीस ठेवलेले आहे. बक्षीस काय, ते तुम्ही ओळखले असेलच. शेरभर कुळीथ!