संगणकाच्या तीन भाषा



“इंग्रजी येत नाही, मग संगणक कसा येणार?” असे आपल्या वसतिगृहातील मुले विचारतात. घरी पावरी, शाळेत मराठी बोलणाऱ्या या मुलांना नवी भाषा अवघड नाही.

एचटीएमएल ही खुणांची भाषा. हे शीर्षक, हा परिच्छेद, एवढेच ती सांगते. असेम्ब्ली यंत्राच्या अगदी जवळची. साध्या बेरजेतही आकडा कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा, हे पायरीपायरीने लिहावे लागते. जावामध्ये ‘विद्यार्थी’ हा साचा एकदा केला, की त्यातून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते.

एचटीएमएलच्या खुणा थोड्याच, मजकूर मात्र आपल्या भाषेत चालतो. सरावाला इंटरनेटही लागत नाही. म्हणून आरंभ तिथून करू. चालू स्थितीतला जुना संगणक असल्यास वसतिगृहाला द्यावा. पहिले पान मुले पावरीत लिहितील.