औषधाला औषध भेटते तेव्हा



नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील बागांत पिकणारे हे फळ ताजे खाल्ले जाते, त्याचे बेदाणे होतात, वैद्यमंडळी त्यापासून द्राक्षासव सिद्ध करतात आणि राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यापासून त्याच्या मद्यनिर्मितीलाही जिल्ह्यात मोठी चालना मिळाली आहे. एकच फळ अन्न होते, औषध होते आणि मद्यही होते. माणसाच्या मनात या तिन्ही गोष्टींचे कप्पे निराळे असतात. शरीरात मात्र असे कप्पे नाहीत. तेथे जे जे जाते ते एकमेकांना भेटते, आणि ही भेट प्रत्येक वेळी स्नेहाची असतेच असे नाही.

याच नाशिक शहरी १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या या सर्व विद्याशाखा त्यामुळे एका छत्राखाली आल्या. सामान्य रुग्णाच्या पोटात तर त्या पूर्वीपासूनच एकत्र आलेल्या आहेत. फक्त एकीने काय दिले याची वार्ता दुसरीला नसते. ही वार्ता पोहोचविणे हे काम लहान दिसते. परंतु पुष्कळदा त्यावर प्राण अवलंबून असतात.

एका घरातील गोष्ट

निफाड तालुक्यातील साठीच्या घरातील एखाद्या बागाईतदाराची कल्पना करावी. नाशिकच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी त्याला मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी दिली आहे. रक्तदाबासाठी एक गोळी आणि लघवी वाढविणारी दुसरी गोळी आहे. गुडघे दुखतात म्हणून गावातील दुकानातून तो वेदनाशामक गोळ्या आणतो. कोणी सांगितले म्हणून पहाटे कारल्याचा रस घेतो, आणि द्राक्षांचा हंगाम चांगला गेला की मित्रांसमवेत मद्याचे दोन पेलेही होतात. यांपैकी प्रत्येक गोष्टीचे कारण त्याच्यापाशी आहे. सर्व गोष्टींची एकत्रित यादी मात्र कोणापाशीही नाही.

आता काय घडू शकते ते पाहावे. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाबाच्या औषधाचा गुण कमी होतो आणि लघवीच्या गोळीच्या जोडीने मूत्रपिंडावर ताण पडतो. डॉक्टरांना रक्तदाब वाढलेला दिसतो, म्हणून ते औषध वाढवितात. मूळ कारण दुकानातील गोळीत दडलेले असते.

दुसरा धोका अधिक तातडीचा आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी औषधे रक्तातील साखर उतरवितात. कारल्याच्या रसाने त्यात भर पडू शकते. उपाशी शरीरात साखर पुरविण्याचे काम यकृत करते. मद्य यकृताच्या त्या कामात अडथळा आणते. अशा रात्री जेवण टळले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मग जीभ जड होते, पावले अडखळतात, घाम सुटतो, माणूस असंबद्ध बोलतो आणि निपचित पडतो. तोंडाला मद्याचा वास येत असतो. घरची माणसे म्हणतात, "आज जास्त झाली, झोपू द्या." ही झोप अखेरची ठरू शकते. मधुमेहाचे औषध घेणारा माणूस असा पडला, तर तो दारूच्या अंमलाखाली आहे असे गृहीत धरू नये. गिळता येण्याइतकी शुद्ध असल्यास त्याला तत्काळ साखरपाणी द्यावे. शुद्ध नसल्यास तोंडात काहीही घालू नये, त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

हे कसे घडते?

औषधांच्या परस्परक्रिया मुख्यतः दोन मार्गांनी होतात. पहिला मार्ग बेरजेचा. झोपेची गोळी गुंगी आणते, मद्यही गुंगी आणते. दोन्ही एकत्र आली तर श्वसन मंदावण्यापर्यंत मजल जाते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतील क्लोरफेनिरामीन हे औषधही झोप आणते. मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री गाडी घेऊन कसारा घाट उतरणाऱ्या चालकाने सर्दीची गोळी आणि मद्य यांची बेरीज केली, तर धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही.

दुसरा मार्ग यकृतातून जातो. लासलगावच्या बाजार आवारातील दृश्य डोळ्यांसमोर आणावे. कांद्याच्या गाड्या येतात, हमाल त्या रिकाम्या करतात. हमाल वाढले तर गाड्या भराभर रिकाम्या होतात. हमाल कामावर आले नाहीत तर आवारात गाड्यांची दाटी होते. यकृतातील विकरे ही या हमालांसारखी आहेत. रक्तातील औषधाची ती विल्हेवाट लावतात. काही औषधे या विकरांची संख्या वाढवितात, काही त्यांचे हात बांधून ठेवतात. पहिल्या प्रकारात सोबतचे औषध गुण येण्यापूर्वीच निघून जाते. दुसऱ्या प्रकारात ते साचून विषासमान होते.

क्षयरोगावरील रिफाम्पिसीन हे पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण होय. त्याच्यामुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम घटतो, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरीनचा आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचाही प्रभाव कमी होतो. क्षयरोगाचे उपचार सुरू असलेल्या स्त्रीने कुटुंबनियोजनासाठी केवळ गोळ्यांवर विसंबू नये. आशा कार्यकर्तीला किंवा डॉक्टरांना विचारून दुसरे साधन वापरावे. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसीन आणि पायराझिनामाइड ही औषधे यकृतावर भार टाकणारी आहेत. त्यांच्या जोडीला नित्याचे मद्यपान असेल, मग ते मोहाचे असो वा बाटलीतील, तर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दिसताच आरोग्य केंद्र गाठावे. मद्य सोडावे, डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध सोडू नये.

"आम्ही घेत नाही" म्हणणाऱ्यांसाठी

मद्याला स्पर्शही न करणाऱ्या घरात अल्कोहोल औषधाच्या रूपाने येऊ शकते. आसवे आणि अरिष्टे यांत किण्वनामुळे स्वाभाविकपणे अल्कोहोल तयार होते. त्याचे प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत असू शकते आणि ते बाटलीच्या वेष्टनावर नोंदलेले असते. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असते. औषध कोणते आणि मद्य कोणते हा प्रश्न कायद्यालाही पडला होता. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत अल्कोहोलयुक्त औषधेही आली होती. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात अशा औषधांपुरती ती बंदी अवैध ठरविली. न्यायालयाने औषध आणि पेय यांत भेद केला. यकृत तो करीत नाही.

एरवी वैद्यांच्या सल्ल्याने घेतलेल्या दोन चमचे आसवाने सहसा अपाय होत नाही. परंतु दारू सोडविण्यासाठी डायसल्फिरामचे उपचार घेणाऱ्याच्या बाबतीत हेच प्रमाण संकट ओढवू शकते. या औषधाबरोबर अल्कोहोल पोटात गेले की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. औषध थांबविल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. म्हणूनच नवऱ्याची दारू सुटावी म्हणून त्याच्या नकळत हे औषध आमटीत मिसळणे हा उपचार नव्हे. तो त्याच्या जिवाशी खेळ आहे. हेतू कितीही चांगला असला तरी रुग्णाच्या पूर्ण माहितीवाचून ते कदापि देऊ नये. जुलाब व दातांच्या विकारांवर दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलबाबतही मद्य टाळण्याची सूचना असते. ही प्रतिक्रिया सर्वांना होत नाही आणि अलीकडील संशोधनाने तिच्याविषयी शंकाही उपस्थित केल्या आहेत. तथापि औषध संपल्यावर दोन-तीन दिवस मद्य न घेणे हेच शहाणपणाचे.

शक्तीची औषधेही निर्धोक असतात असे नाही. थायरॉइडच्या गोळीबरोबरच कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी घेतली, तर थायरॉइडचे औषध अंगी लागत नाही. दोहोंत चार तासांचे अंतर असावे. खोकल्यावर घरोघरी वापरले जाणारे ज्येष्ठमध अधिक प्रमाणात आणि दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. लघवीच्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वनस्पतीपासून झाले म्हणून ते निरुपद्रवी, हा समज टाकून द्यावा.

द्राक्ष निर्दोष आहे

औषधाच्या माहितीपत्रकावर "ग्रेपफ्रूट टाळावे" अशी सूचना असते. नाशिककरांनी ती द्राक्षांविषयीची समजू नये. ग्रेपफ्रूट हे लिंबाच्या कुळातील, पपनसाच्या जवळचे फळ आहे. त्याचा हा गुणधर्म योगायोगाने उघडकीस आला. कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपिनवर मद्याचा काय परिणाम होतो ते पाहत होते. मद्याची चव लपविण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातील औषध अपेक्षेपेक्षा पुष्कळ वाढलेले आढळले. १९८९ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. दोष रसाचा होता. त्याने विकरांचे हात बांधले होते. पपनसातही तसे घटक असल्याने ही सूचना असलेल्या औषधांबरोबर तेही टाळावे. द्राक्षांवर मात्र हा आरोप नाही. मधुमेह्यांनी प्रमाण सांभाळावे, इतकेच.

पडताळणी घरापासून

या धोक्यांवरील पहिला उपाय खर्चाचा नाही. घरातील एक कापडी पिशवी घ्यावी. चालू गोळ्या, उरलेल्या गोळ्या, चूर्णे, काढे, आसवे, शक्तीची औषधे, मलमे, सारे तीत भरावे आणि डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाताना ती पिशवी बरोबर न्यावी. जवळ एक कागद ठेवावा. त्यावर औषधाचे व्यापारी नाव न लिहिता वेष्टनावरील मूळ नाव लिहावे, कारण एकच औषध अनेक नावांनी विकले जाते. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी या तिन्हींत पॅरासिटामॉल आहे, हे मूळ नाव वाचल्यावरच कळते. हे औषध प्रमाणाबाहेर गेल्यास यकृताला गंभीर इजा होते, आणि नियमित मद्यपान करणाऱ्याला हा धोका अधिक असतो.

नोंदणीकृत औषधनिर्मात्याला "हे माझ्या इतर औषधांबरोबर चालेल काय?" असे विचारण्यात संकोच नसावा. भ्रमणध्वनीवर औषधांची नावे घालून परस्परक्रिया पाहण्याची सोयही आता झाली आहे. परंतु जे नाव तिला सांगितले नाही त्याविषयी ती मूक राहते, आणि घरगुती काढ्याचे नाव तिला बहुधा ठाऊक नसते. औषधाचा दुष्परिणाम झाल्याचे वाटल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तो कळविता येतो. त्या नोंदीचा उपयोग पुढील रुग्णांना होतो.

डॉक्टरांनीही मद्याविषयीचा प्रश्न सहजपणे, ठपका न ठेवता विचारावा. सासऱ्यांसमोर, सुनेसमोर किंवा मुलासमोर खरे उत्तर देणे अवघड जाते. तेव्हा तो एकांतात विचारलेला बरा. लपविलेला पेला आणि न सांगितलेला काढा यांची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. ती यकृतावर होते. आणि धोक्याची वार्ता ऐकून कोणी आपले नेहमीचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. तेही तितकेच घातक आहे.

त्या बागाईतदाराकडे पुन्हा वळू या. द्राक्षे निर्यात करताना बागेवर कोणती फवारणी केव्हा केली याची नोंद तो काटेकोरपणे ठेवतो, कारण नोंद नसेल तर माल परत येतो. स्वतःच्या देहाची अशी एक पानाची नोंद त्याने ठेवली, तर त्याच्या घरातील एक रात्र टळू शकेल.