इच्छापरिमाण : संपत्ती, प्रभावना आणि वाढीची मर्यादा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, ही आपणा सर्वांच्या दृष्टीने आनंदाची व अभिमानाची गोष्ट आहे. अशा प्रसंगी गौरवाचे दोन शब्द बोलून खाली बसावे, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. परंतु महोत्सव समितीपुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत : मंदिरासमोर संगमरवरी मानस्तंभ उभारणे आणि मुलींच्या वसतिगृहाची इमारत वाढवणे. दोन्हींपुरता निधी नाही. त्यावरून गेले काही महिने आपल्यात जी चर्चा, क्वचित कटुताही, झाली, तिच्याकडे पाठ फिरवून केलेले भाषण प्रामाणिक ठरणार नाही. म्हणून त्या चर्चेच्या मुळाशी असलेले तीन प्रश्न मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो. संपत्तीचे वाटप कोणी व कसे करावे? धर्मभावना प्रकट करण्यासाठी संपत्ती किती खर्चावी? आणि संपत्तीच्या वाढीला मर्यादा असावी काय?

पहिल्या प्रश्नावर आपल्यातील अनेक व्यापारी बंधूंचे मत स्पष्ट आहे. ते म्हणतात, दान हे स्वेच्छेने द्यावयाचे असते. कायद्याच्या बळावर एकाचे काढून दुसऱ्याला देणे म्हणजे न दिलेले घेणे, आणि तो तर अचौर्यव्रताचा भंग. हा युक्तिवाद वरवरचा नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या कलमाने समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. तथापि, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला. तो वाद आपल्या मुंबईतील जुन्या इमारतींच्या कायद्यातूनच उद्भवला होता. त्यापूर्वी १९५३ साली आलेला मृत्युकर १९८५ मध्ये आणि १९५७ साली आलेला संपत्तीकर २०१५ मध्ये रद्द झाला होता. म्हणजे संपत्तीवर थेट हात घालण्याचे मार्ग राज्यसंस्थेने स्वतःच बरेचसे आवरते घेतले आहेत.

परंतु याच युक्तिवादाची दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत खोटी मापे वापरणे व भेसळ करणे यांच्याबरोबरच विरुद्धराज्यातिक्रम हाही एक आहे. राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे, असा त्याचा अर्थ विवरणकार करतात. करचुकवेगिरी त्यातच येते. तेव्हा कर घेणारे राज्य चोर ठरते की नाही, हा वादाचा विषय असू शकेल. कर चुकवणारा श्रावक मात्र व्रतभंग करतो, याविषयी शास्त्रात संदिग्धता नाही.

आणि कराने काय साधते, याचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. वि. स. पागे यांच्या विचारातून आकाराला आलेली रोजगार हमी योजना त्या दिवसांत उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. पुढे १९७७ साली कायदा संमत होऊन तो १९७९ पासून अमलात आला. शहरातील नोकरदाराच्या व व्यावसायिकाच्या खिशातून काही रुपये जात आणि त्यांतून कोरडवाहू गावातील मजुराच्या घरी चूल पेटे. २००५ साली देशाने जो रोजगार हमी कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. एकट्यादुकट्याच्या दानाला न पेलणारे काम राज्यसंस्था करू शकते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. पंचकल्याणक प्रतिष्ठा असो वा वार्षिक पूजा, सौधर्म इंद्राचा, कुबेराचा मान बोलीने दिला जातो. त्यातून मंदिरे उभी राहिली, जीर्णोद्धार झाले, हे खरे आहे. ज्याने आयुष्यभर दुकानाच्या गल्ल्यापाशी बसून काटकसर केली, त्याला एक दिवस भगवंतांच्या अभिषेकाचा पहिला मान मिळावा, या इच्छेत काही वावगे आहे, असे मी म्हणणार नाही. धर्म हा केवळ मनात ठेवण्याचा विषय नाही. तो वाद्यांतून, रथातून, शिखरातूनही बोलतो.

परंतु या विषयावर मी तटस्थ राहू शकत नाही, कारण त्याची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. माझे बालपण शिरोळ तालुक्यात गेले. एका पूजेत इंद्राच्या मानासाठी बोली चढत गेली आणि भावबंदांपुढे माघार नको म्हणून माझे वडील, अण्णा, ऐपतीच्या पलीकडे बोलून बसले. शब्द पाळण्यासाठी कर्ज काढावे लागले. त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीची, अक्कांची शाळा सातवीत थांबली. कोणी तिला थांब म्हटले नाही. पुढल्या शाळेसाठी कोल्हापुरात ठेवावे लागले असते, तेवढा पैसा घरात उरला नव्हता, इतकेच. अण्णांच्या श्रद्धेविषयी मला तिळमात्र शंका नाही. मुकुट घालून हत्तीवर बसलेले अण्णा मला आजही दिसतात आणि त्या मिरवणुकीत आरती घेऊन चालणाऱ्या अक्काही दिसतात. त्या दोन चित्रांचा मेळ मला अद्याप घालता आलेला नाही.

या मिरवणुकीलाच आपण प्रभावना म्हणतो. परंतु आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात प्रभावना कशाला म्हटले आहे? अज्ञानाचा अंधार दूर सारून जिनशासनाचे माहात्म्य प्रकट करणे, याला. अज्ञान दूर करणे ही त्यातील पहिली पायरी आहे. मग जिची शाळा थांबली, त्या मुलीला पुन्हा शाळेत बसवणे ही प्रभावना नव्हे काय?

याचे उत्तर आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाने आचरणातून दिले आहे. १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. समाजाच्या दानातून चाललेल्या वसतिगृहाचे मोल त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. त्या त्यागाची बोली कोणत्या मंडपात पुकारली गेली नाही. तरीही जैन आचाराविषयी महाराष्ट्राच्या मनात जो आदर आहे, त्यात कर्मवीरांच्या त्या घराचा वाटा किती मोठा आहे, हे मी आपणास सांगावयास नको.

तिसरा प्रश्न वाढीच्या मर्यादेचा. येथे तरुण उद्योजक आम्हा वृद्धांना विचारतात, ‘सर, वाढ थांबली तर रोजगार कोठून येणार? दान तरी कशातून देणार?’ त्यांचे म्हणणे बरोबर आहे. उपाशी माणसाला अपरिग्रह शिकवणे हा धर्म नव्हे. ज्याच्या घरात दूध नाही, पुस्तक नाही, औषध नाही, त्याच्या संपत्तीत वाढ व्हावी, हीच अहिंसेची मागणी आहे. प्रश्न ज्याच्या गरजा केव्हाच भागल्या, त्याच्या वाढीचा आहे.

वाढीला मर्यादा असते, हे मी अर्थशास्त्राच्या ग्रंथात वाचण्यापूर्वी आमच्या रानात पाहिले. उपसा सिंचनाचे पाणी आले आणि जोंधळ्याच्या जागी ऊस उभा राहिला. पहिली काही वर्षे उतारा असा आला की, घरावर माडी चढली. मग अधिक पाणी, अधिक खत. काळ्या जड जमिनीतून पाण्याचा निचरा होईना. खालचे क्षार वर आले आणि एका उन्हाळ्यात अर्धे रान पांढरे पडले. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या कित्येक शेतकऱ्यांनी हा अनुभव घेतला आहे. १९७२ साली ‘क्लब ऑफ रोम’ या अभ्यासमंडळाच्या पुढाकाराने वाढीच्या मर्यादांविषयीचा प्रसिद्ध अहवाल जगापुढे आला. आमच्या क्षारपड रानाने तोच धडा आम्हाला मराठीत शिकवला.

आता आचार्य समंतभद्रांकडे पुन्हा वळू. परिग्रहाला मर्यादा घालण्याच्या व्रताला त्यांनी इच्छापरिमाण असेही नाव दिले आहे. परिमाण वस्तूंचे करावयाचे, पण ते करावयाचे इच्छेला आवरण्यासाठी. त्या व्रताचे पाच अतिचार त्यांनी सांगितले : अतिवाहन, अतिसंग्रह, अतिविस्मय, अतिलोभ आणि अतिभारवहन. पहिला व शेवटचा अतिचार पाहा. जनावराला शक्तीबाहेर पळवणे व शक्तीबाहेर लादणे यांची गणना त्यांनी परिग्रहाच्या दोषांत केली. कारण लोभाचा भार शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर पडतो. आम्ही तो भार जमिनीच्या पाठीवर टाकला. श्वेतांबर परंपरेच्या उपासकदशांगात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे. कोळसा पाडणे, जंगल तोडणे, वणवा लावणे आणि तळी-सरोवरे शोषून घेणे हे व्यवसाय तीत आहेत. आजच्या पर्यावरणशास्त्राला तीत फारशी भर घालावी लागणार नाही.

त्याच ग्रंथात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यवहारात वाढीसाठी, चार कोटी घरगृहस्थीच्या पसाऱ्यात आणि दहा-दहा हजार गायींचे चार व्रज, एवढे त्याचे वैभव. भगवान महावीरांपाशी त्याने व्रत घेतले की, याहून अधिक नको. कोणी म्हणेल, यात त्याने सोडले काय? होते ते सारे त्याच्यापाशीच राहिले! हा आक्षेप रास्त आहे. परंतु व्रताच्या दुसऱ्या वर्षाचा विचार करा. व्यवहार चालूच आहे, नफा येतोच आहे. पण आता त्या नफ्याला आनंदाच्या तिजोरीत जागा नाही. तो बाहेर वाहिलाच पाहिजे. माझ्या मते या व्रतातील अर्थशास्त्र हे आहे. ते कमावण्यास मनाई करत नाही. साठवण्याची रेषा आधी आखून घेण्यास सांगते.

आमच्या रानाचे पुढे काय झाले, ते सांगून मी निष्कर्षाकडे येतो. क्षारपड जमीन सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारे पाणी बाहेर काढावे लागते. ते पाणी ओढ्याला पोचवायचे, तर खालच्या शेतकऱ्याच्या बांधातून न्यावे लागते. ज्याच्याशी बांधावरून वर्षानुवर्षे भाषण नाही, त्याच्याही दारात जावे लागते. आम्ही गेलो. सगळ्यांनी मिळून चर काढला, तेव्हा कोठे त्या रानात पुन्हा पीक उभे राहिले. तुंबलेले पाणी एकट्याच्या शेतात मोकळे होत नाही. तुंबलेल्या संपत्तीचेही तसेच आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यातील प्रत्येक सुस्थित कुटुंबाने घरात एकत्र बसून इच्छापरिमाण लिहून काढावे. तो कागद कोणाला दाखवू नये, फक्त पाळावा. दुसरी, बोलीची प्रथा मोडू नये, परंतु ज्या मंडपात इंद्राच्या मानाची बोली होते, त्याच मंडपात एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या शिक्षणाचीही बोली व्हावी आणि तिचा मान इंद्राइतकाच मानावा. कर्ज काढून कोणी बोलू नये, असा नियम समितीनेच जाहीर करावा. तिसरी, मानस्तंभाला माझा विरोध नाही. ज्याच्या दर्शनाने मान गळून पडावा, तो मानस्तंभ. परंतु तो उभारताना आपला मान वाढणार असेल, तर थोडे थांबू या. आधी वसतिगृह बांधू. मानस्तंभ पुढच्या पिढीला, तेथे शिकून बाहेर पडलेल्या मुलींना उभारू द्या.

निर्णय आपला आहे. ज्यांचे मत वेगळे आहे, त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो. अनेकान्ताने आपल्याला तेवढे तरी शिकवले आहे. माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल, तर मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. अक्का आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि समोर श्राविकांमध्ये बसलेल्या आहेत. त्यांनी आयुष्यात कधी तक्रार केली नाही. म्हणूनच ही गोष्ट मी आज आपल्यापुढे मांडली.

जय जिनेंद्र.